शिंगांसकट कवटी घरी साफ करून भिंतीवर लावायची असेल तर

हरणाची कवटी परवान्याशिवाय घरात ठेवणं भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जनावर जंगलात आपोआप मेलेलं होतं, ही सबब चालत नाही. म्हणून इथे बोकड आणि मेंढ्याच्या मुंडक्याबद्दल लिहिलं आहे. हरणाचं शिंग भरीव हाडाचं, कवटीलाच जोडलेलं असतं. बोकडाचं तसं नाही. वर नखासारख्या पदार्थाची खोळ, आत हाडाचा पोकळ गाभा आणि दोघांच्या मध्ये मांसल पडदा. खोळ न काढता कवटी टांगली तर तो पडदा आत कुजतो आणि वास महिनोन्महिने जात नाही.

मुंडकं ताजं आणि निरोगी जनावराचंच घ्या. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून रक्त आलं असेल, तर हात लावू नका. तो अँथ्रॅक्स असू शकतो. अंग चिरलं की त्याचे जंतू हवेच्या संपर्कात येऊन बीजाणू बनतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

रबरी हातमोजे घालून कातडं सोला. डोळे, जीभ आणि गालांचं मांस काढा, खालचा जबडा सांध्यापाशी सोडवा. हाड घासून लख्ख करायच्या फंदात पडू नका. सुरीचे ओरखडे पांढऱ्या हाडावर उठून दिसतात. मेंदू मागच्या मोठ्या भोकातून काढायचा. टोकाला आकडा केलेली तार आत फिरवून तो मोडायचा आणि पाण्याच्या धारेने धुऊन काढायचा. नाकात मात्र तार घालू नका. तिथली हाडं पापुद्र्यासारखी पातळ असतात, एकदा मोडली की जुळत नाहीत.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: उकळणं. काम तासाभरात होतं, पण चरबी वितळून हाडात मुरते, दात तडकतात, लहान जनावराच्या कवटीचे सांधे उकलतात. त्यापेक्षा पाण्यात कुजवा. प्लास्टिकच्या बादलीत कवटी आधी एक दिवस गार पाण्यात ठेवा आणि ते लाल पाणी फेका, नाहीतर रक्ताचे डाग हाडात बसतात. मग साधं पाणी भरा, शिंगांच्या बुडाच्या दोन-तीन बोटं वर येईल इतकं. तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस असलं की जीवाणू झपाट्याने काम करतात. मत्स्यपेटीचा हीटर यासाठी उत्तम. पाणी गार असेल तर तेच काम महिन्यांवर जातं. मीठ, साबण, फिनेल काही घालायचं नाही, त्याने जीवाणूच मरतात. दर चार-पाच दिवसांनी निम्मंच पाणी बदला. झाकण सैल ठेवा आणि बादली घरापासून लांब. वास येणार, त्याला इलाज नाही.

साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत खोळ सैल होते. बुडाशी धरून हळूच पिळत ओढा. येत नसेल तर आणखी दोन दिवस थांबा, जोर लावला तर गाभा मोडतो. निघालेली खोळ पुन्हा पाण्यात टाकू नका, फार भिजली तर तिचे थर सुटतात. कोणती डावी, कोणती उजवी ते लगेच लिहून ठेवा.

पाणी ओतताना खाली चाळणी धरा, दात निसटतात. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना सहा-सहा दाढा असतात. समोर दात नसतातच, तेव्हा ते हरवले म्हणून गाळ उपसत बसू नका.

मांस गेलं की खरं काम सुरू होतं: चरबी काढणं. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो आणि म्हणूनच बहुतेक कवट्या काही महिन्यांत पिवळ्या, चिकट होतात. पाच लिटर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड, पाणी ४० ते ४५ अंश, आणि ते गढूळ झालं की बदलायचं. तीन ते सहा आठवडे धरून चाला, मेंढ्याला जास्तच. मग कवटी काही दिवस सावलीत वाळवून बघा. शिंगांच्या बुडाशी, कानामागे किंवा जबड्याच्या सांध्यापाशी तेलकट, अर्धपारदर्शक डाग दिसले तर परत बादलीत.

पांढरं करायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. ३५ टक्क्यांचं असेल तर एका भागाला अकरा भाग पाणी, आणि हातमोज्यांसोबत चष्माही हवाच. भांडं प्लास्टिकचं, झाकण सैल. घट्ट बंद केलं तर वायूच्या दाबाने फुटू शकतं. एक-दोन दिवस पुरे. कपड्यांचं ब्लीच चुकूनही वापरू नका. ते हाडातलं प्रथिनच खातं, मग हाड खडूसारखं भुसभुशीत होतं आणि पृष्ठभाग झडत राहतो. पेरॉक्साइडने चरबी जात नाही, म्हणून क्रम उलटा करून उपयोग नाही. खोळींना तर तो लागूच देऊ नका, रंग उडतो.

कवटी सावलीतच वाळवा. उन्हात दातांना चिरा जातात. सुटलेले दात आणि नाकाची हाडं पांढऱ्या गोंदाने बसवा. खोळ आतून खरवडून, साबणाने धुऊन, कागदाचे बोळे भरून वाळवा आणि आत थोडं बोरॅक्स भुरभुरा. गाभाही पूर्ण कोरडा हवा, नाहीतर बुरशी धरते. चिकटवायला इपॉक्सीचे दोन-तीन ठिपके पुरे. पुढे कधी शिंगाखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर किडे शिंग खातायत. तेव्हा खोळ काढता यायला हवी. अशी खोळ पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

टांगायला हाडाला भोक पाडायची गरज नाही. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीवर ६ मिलिमीटर गजाचा आकडा पक्का करा, त्याचं चार-पाच सेंटिमीटरचं टोक वर वळवा आणि त्यावर रबरी नळी चढवा. मेंदूचं भोक त्यावर अडकवलं की नाक खाली येतं आणि दाढा फळीला टेकतात. तिथे दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून लांब, रबराचे तुकडे चिकटवा. नाहीतर एक शिंग जड असलं की कवटी तिरकी होते. फळी भिंतीला ८ मिलिमीटरचे प्लग आणि ५० मिलिमीटरचे स्क्रू घालून लावा. मेंढा असेल तर निदान दोन. थेट ऊन पडणारी जागा नको, शिंगं तडकतात. स्वयंपाकघराची भिंतही नको, तिथला तेलकट धूर हाडावर बसतो आणि महिनाभराच्या धुण्यावर पाणी पडतं.