राजहंस रवणावर बसवताना: खान्देशातल्या नव्या पाळणाऱ्यांसाठी

राजहंस पाळायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, "अंडी किती देते?" आपल्याकडे त्याआधी विचारायला हवं ते हे, की ती खुडूक कधी होते, म्हणजे अंडी उबवायला, रवणावर, कधी बसते. अंड्यातून पिल्लू निघायला २८ ते ३० दिवस लागतात, भारी जातींत दोन-तीन दिवस वर. मार्चअखेर बसलेल्या मादीचे शेवटचे दिवस नेमके भुसावळ-रावेरकडच्या तापलेल्या एप्रिलात येतात. चोच उघडी टाकून धापा टाकत ती अंड्यांवर बसलेली असते. तशात उठून गेली तर तिला दोष देता येत नाही. म्हणून माझा हिशोब ठरलेला आहे: होळीच्या आत पिल्लं बाहेर. जिची पिल्लं त्याआधी निघणार नाहीत अशी उशिरा खुडूक झालेली मादी मी बसू देत नाही.

एका नरामागे तीन-चार माद्या पुरतात. पहिल्या वर्षाची अंडी लहान असतात आणि बरीच वांझ निघतात, तेव्हा रवणासाठी दुसऱ्या वर्षापासूनची मादी धरावी.

अंडं साधारण एक दिवसाआड येतं. ते उचलायचं, पेन्सिलीने तारीख टाकायची आणि घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात, उन्हापासून लांब ठेवायचं. रोज एकदा कूस बदलायची. घरट्यात एक-दोन खोटी अंडी राहू द्यावीत, नाहीतर मादी जागा बदलते आणि मग केळीच्या बागेत शोधत फिरा. आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं अंडं रवणाला नको, ऑम्लेटला चालतं.

खुडूक होत असलेली मादी ओळखू येते. छातीची मऊ पिसं उपटून ती घरट्यात अंथरते, उठताना अंडी त्या पिसांनी झाकते, जवळ गेलात की मान जमिनीलगत ताणून फुत्कारते. तरी लगेच अंडी देऊ नका. दोन-तीन रात्री ती खोट्या अंड्यांवर टिकून बसली, की अंधार पडल्यावर साठवलेली आठ-दहा अंडी एकदम खाली सरकवायची. सगळी एका वेळी गेली तरच पिल्लं एका वेळी निघतात. नाहीतर पहिली दोन पिल्लं चालायला लागताच आई त्यांच्यामागे उठून जाते आणि उरलेली अंडी गार पडतात.

घरटं प्रत्येक मादीला वेगळं, अडीच फूट लांब-रुंद, मध्ये आडोसा. खाली माती, वर गव्हाचा भुसा किंवा केळीची खडखडीत वाळलेली पानं; ओलसर पानांना बुरशी धरते. एका घरट्यात दोघी शिरल्या की ढकलाढकलीत अंडी फुटतात. शेजारणी गुपचूप ताजं अंडं घालून जातात, ते रोज काढायचं. जुन्यावर खूण असल्याने ओळखायला सोपं.

दाणा-पाणी घरट्याला चिकटून ठेवू नका. चार पावलांवर ठेवा, म्हणजे दिवसातून एकदा ती उठेल, खाईल, विष्ठा बाहेर टाकेल आणि पाण्याच्या घमेल्यात डुंबेल. छातीची ती ओल अंड्यांना लागते. आपल्या कोरड्या हवेत ती फार मोलाची. या वेळात नर पहारा देतो. आमच्या गड्याने त्याचा पहिला चावा खाऊन विचारलं, "भो, हाऊ पक्षी शे का कुत्रा?" दिवसा हा पहारा पुरतो. रात्री कोल्ह्यासाठी जाळीचं दार लागतंच.

दहाव्या दिवशी रात्री मोबाइलचा टॉर्च अंड्याला लावून पाहा. कवच पांढरं असल्याने आतल्या लाल शिरांचं जाळं स्वच्छ दिसतं. नितळ दिसेल ते अंडं काढा. सडून घरट्यातच फुटलं तर बाकीच्यांचीही वाट लागते. शेवटचे तीन दिवस हात लावायचा नाही. आतून कवचाला चोचीची टोच पडल्यावर पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक दिवसही लागतो, घाईने कवच सोलू नका.

आता जिला बसू द्यायचं नाही, तिचं. पहिल्या दोन दिवसांतच हालचाल करा, मुरलेली खुडूक लवकर सुटत नाही. पाण्यात बुचकळून काढण्याचा जुना उपाय मला पटत नाही; पक्षी घाबरतो, खुडूकपणा तसाच राहतो. तिला सावलीतल्या, खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा. आत भुसा नको, कोपऱ्यात अंधार नको. दाणा-पाणी मात्र भरपूर, आणि कळप नजरेसमोर. चार-पाच दिवसांत ती सुटते. सोडण्याआधी तिचं जुनं घरटं मोडून जागा झाडून घ्या, नाहीतर ती सरळ तिथेच जाऊन बसेल.