बेकर स्ट्रीटला गाडी बदलणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापूरहून लंडनला नव्याने आलेल्यांपैकी बरेच जण वेंब्ली किंवा हॅरोच्या बाजूला घर घेतात आणि तिकडे जाता-येता त्यांना बेकर स्ट्रीट स्थानकात गाडी बदलावी लागते. पाच मार्ग आणि दहा फलाट पाहून पहिल्या आठवड्यात कोणीही गोंधळतो. नकाशा पाठ करण्यापेक्षा हे स्थानक कसकसे वाढत गेले ते समजून घ्यावे, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आपल्या सोलापुरात आगगाडी १८६० साली आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली आणि बेकर स्ट्रीट हे तिच्यावरचेच स्थानक. रस्ता खोदायचा, चरात रूळ टाकायचे, वर विटांची कमान बांधून रस्ता पूर्ववत करायचा, अशी तेव्हाची पद्धत असल्यामुळे पाच आणि सहा क्रमांकाचे हे मूळ फलाट फारसे खोल नाहीत. तिथे सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी या मार्गांच्या गाड्या येतात. एकदा सवडीने तिथल्या बाकावर बसून भिंतीतले तिरपे कोनाडे पाहा. माळवदाच्या घराला जसे साणे ठेवतात, तसे हे कोनाडे वरच्या रस्त्यावरून उजेड आणि हवा आत घेण्यासाठी ठेवले होते, कारण तेव्हा भुयारात वाफेची इंजिने धावत. आता त्यांत विजेचे दिवे आहेत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा किती तरी वेळ तिथून हललोच नाही.

एक ते चार हे फलाट मेट्रोपॉलिटन मार्गाचे. सात ते दहा मात्र खोल बोगद्यांत आहेत, तिथे बेकरलू आणि ज्युबिली या मार्गांच्या गाड्या येतात. बेकरलू १९०६ साली सुरू झाली, १९३९ साली तिला स्टॅनमोरकडे जाणारी शाखा जोडली गेली आणि १९७९ साली तीच शाखा ज्युबिली म्हणून वेगळी झाली. मुळात एकाच मार्गाच्या दोन शाखा असल्यामुळे आजही एकाच दिशेची बेकरलू आणि ज्युबिली शेजारच्या फलाटांवर मिळते, जिना चढावा लागत नाही.

वेंब्लीला जाताना मात्र पत्ता नीट विचारून घ्या. बेकरलू वेंब्ली सेंट्रलला जाते. मेट्रोपॉलिटन आणि ज्युबिली वेंब्ली पार्कला जातात, आणि ही दोन ठिकाणे वेगळी आहेत. वेंब्ली पार्कसाठी मेट्रोपॉलिटन घ्यावी, कारण वाटेत ती फक्त फिंचली रोडला थांबते. हॅरोच्या पुढे तिला फाटे फुटतात, म्हणून चढण्यापूर्वी गाडीवरचे शेवटच्या स्थानकाचे नाव वाचावे.

आई-वडील भाकरी-चटणीच्या जड पिशव्या घेऊन येणार असतील, तर त्यांना बेकर स्ट्रीटला उतरवू नका, कारण इथे जिन्यांवाचून फलाट गाठता येत नाही. हीथ्रोहून पिकॅडिली मार्गाने त्यांना थेट किंग्ज क्रॉसला आणा. तिथे लिफ्ट आहे आणि मेट्रोपॉलिटनही मिळते.