ओहायोच्या सरकारी जंगलात क्रॉसबोने हरणाची पहिली शिकार

भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात व्हाइटटेल हरणं भरपूर आहेत, सीझन ठरलेला असतो, आणि स्वतःची जमीन नसली तरी वेन नॅशनल फॉरेस्टसारखं सरकारी जंगल सगळ्यांना खुलं आहे. इथले दोन-तीन मित्र यंदा पहिल्यांदा जाणारेत, त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, मग हंटिंग लायसन्स आणि हरणाचं परमिट, दोन्ही वेगवेगळं घ्यावं लागतं. धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि क्रॉसबो (बंदुकीसारखा ट्रिगर दाबून बाण सोडणारं आडवं धनुष्य) त्यातच येतो, मात्र मधे बंदुकीचे दिवस आले की क्रॉसबोवाल्यालाही भडक नारिंगी जॅकेट घालावंच लागतं. सरकारी जमिनीवर मका वगैरे टाकून हरणं बोलावायची नाहीत. आणि वेनचं जंगल सलग नाहीये, मधे मधे खाजगी जमिनी घुसल्यात, त्यामुळे फोनवर हद्दीचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, आत रेंज मिळेलच असं नाही.

जागा शोधायला ऑक्टोबरात व्हाइट ओकची झाडं बघा. त्याच्या बिया हरणांना फार आवडतात, खाली ताज्या लेंड्या आणि पाला उकरलेला दिसला की समजायचं इथे येणंजाणं आहे. पार्किंगपासून अर्धा मैल आत गेलात की गर्दी बरीच कमी होते. वाऱ्याचं मात्र गणित चुकवू नका, वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा, उलटा असेल तर कितीही चांगली जागा असली तरी त्या दिवशी ती सोडायची.

क्रॉसबोची तार त्यासाठीच्या दोरीनेच मागे ओढा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा ताण येतो. अंगठा कायम रेलच्या (तार ज्या पट्टीवरून सरकते तिच्या) खाली ठेवा, तार सुटली तर बोट जातं. बोल्ट (क्रॉसबोचा बाण) न लावता ट्रिगर कधीच दाबायचा नाही. हरणाची वाट बघायला झाडावरच्या मचाणावर चढताना फुल बॉडी हार्नेस जमिनीपासूनच अडकवलेला हवा, आणि क्रॉसबो बोल्ट काढून मागाहून दोरीने वर ओढून घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षी 30 यार्डच्या पलीकडे मारूच नका. बोल्ट लांब जातो हो, पण आवाज त्याच्या आधी पोचतो आणि हरीण दचकून खाली दबतं. हरीण पूर्ण आडवं उभं असेल किंवा तोंड पलीकडे करून थोडं तिरकं असेल तरच नेम धरा, पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालच्या भागात. समोरून येत असेल तर थांबा, नाही वळलं तर जाऊ दे.

बोल्ट सुटला की खाली उतरायची घाई नको, घड्याळ बघा आणि अर्धा तास हलू नका. हे मी इतकं सांगतोय कारण पहिल्या वर्षी मी दहाच मिनिटांत उतरलो. साठ पावलांवर मी मारलेली मादी बसली होती, मला बघून उठली आणि ओढ्यापलीकडे गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली तोवर मांस वाया गेलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

उतरल्यावर आधी बोल्ट शोधा. त्यावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुसात लागलाय, हरीण जवळच असणार. काळपट लाल असेल तर लिव्हर, तीन-चार तास थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात लागलाय, मग सात-आठ तास तरी मागे जायचंच नाही. माग काढताना रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी टिश्यू पेपर अडकवत जा (परतताना उचला), आणि माग खाजगी जमिनीत गेला तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

सापडलं की पोट लगेच साफ करा, हातमोजे घालून. ऑक्टोबरात दुपारी चांगलंच गरम होतं, म्हणून बर्फाच्या दोन पिशव्या आत भरून टाका. गेम चेक, म्हणजे शिकारीची सरकारी नोंद, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोनवरून करायचं असतं. काही भागात सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग आहे, म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका, तपासणीची सोय असेल तर करून घ्या. मांसाला चरबी अगदी कमी असते, आम्ही कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मटणासारखंच करतो, फक्त कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात.