सामायिक ॲक्सेस डेटाबेस बिघडला तर काय करावे

म्हापशातल्या एखाद्या पतसंस्थेत चार जण ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या एकाच फाईलमध्ये पावत्या चढवत आहेत, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि वीज जाते. परत आल्यावर फाईल उघडत नाही. कधी ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असा संदेश येतो, कधी डेटाबेस ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये असल्याचा, तर कधी फाईल उघडते पण काही नोंदींच्या जागी ‘डिलीटेड’ दिसते. बहुतेक वेळा माहिती परत मिळते, पण पहिली काही मिनिटे नीट वापरली तरच.

सगळ्यांना आधी फाईलमधून बाहेर यायला सांगा. एकानेही चालू ठेवली तर बिघाड वाढू शकतो. सगळे बाहेर पडले की मूळ फाईलशेजारची त्याच नावाची लॉक फाईल (डेटाबेस कोणी उघडला आहे याची नोंद ठेवणारी छोटी फाईल) आपोआप जायला हवी. ती राहिली असेल, तर ज्या संगणकावर डेटाबेस ठेवला आहे तिथे ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाईल्स’ पाहा. फाईल कोणी धरून ठेवली आहे ते तिथे दिसते. कोणीच नसेल तर लॉक फाईल काढून टाका.

आता बिघडलेल्या फाईलची प्रत काढा. घाईत हीच पायरी सुटते. दुरुस्ती करताना ॲक्सेस न वाचता येणाऱ्या नोंदी टाकून देऊ शकते, आणि मूळ प्रत नसेल तर त्या परत शोधायला जागाच उरत नाही. ही प्रत नेटवर्कवर न ठेवता आपल्या संगणकावर घ्या आणि तिच्यावरच ॲक्सेसमधली ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही दुरुस्तीची सोय चालवा.

फाईल उघडली म्हणजे काम झाले असे समजू नका. ‘एमसिसकॉम्पॅक्टएरर्स’ नावाचा तक्ता तयार झाला असेल तर तो वाचा. दुरुस्तीत काय अडले ते त्यात असते. मुख्य तक्त्यांची प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारा रकाना) आणि तक्त्यांमधली नाती शाबूत आहेत का तेही पाहा. ती गळाली तर त्या दिवशी कोणाला कळत नाही, आणि पुढे एकाच पावती क्रमांकाच्या दोन नोंदी होऊ लागतात. शेवटच्या दिवसाच्या नोंदी पावती पुस्तकाशी ताडून घ्या.

दुरुस्ती अडली तर नवा कोरा डेटाबेस उघडून ‘एक्सटर्नल डेटा’तून एकेक तक्ता आत आणा. सगळे एकदम आणू नका, म्हणजे नेमका कोणता तक्ता अडतो ते कळेल. लांब मजकुराच्या रकान्यात निरर्थक अक्षरे दिसली तर तो रकाना वगळून बाकीची नोंद वाचवता येते. तेही जमले नाही तर आदल्या दिवसाचा बॅकअप वापरा आणि मधल्या पावत्या पुन्हा चढवा.

मग कारण शोधा, नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच. लिहिता लिहिता संगणक आणि फाईल यांच्यातला दुवा तुटणे, हे सर्वांत नेहमीचे कारण. आपल्याकडे संगणकांना इन्व्हर्टर असतो, पण कोपऱ्यातला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो. वीज गेली की संगणक चालू राहतात आणि दुवा मात्र तुटतो. स्विचला आणि फाईल ठेवलेल्या संगणकाला यूपीएस द्या. ॲक्सेसची सामायिक फाईल वायफायवरून वापरू नका, केबल टाका. नेटवर्क कार्डची वीज वाचवण्याची सोय बंद करा. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस कधीही ठेवू नका.

२०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर ‘इनकन्सिस्टंट स्टेट’च्या तक्रारी वाढल्या होत्या. विंडोज आणि ऑफिस अद्ययावत असूनही तोच संदेश येत राहिला, तर नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाकडून फाईल ठेवलेल्या संगणकावरची ‘लीजिंग’ सोय (फाईलचा भाग वापरणाऱ्याच्या संगणकावर तात्पुरता साठवू देणारी) बंद करून घ्या.

डेटाबेस अजून एकाच फाईलमध्ये असेल तर तो दुभंगा: तक्ते एका फाईलमध्ये सामायिक फोल्डरवर, आणि फॉर्म व अहवालांच्या दुसऱ्या फाईलची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर. ‘डेटाबेस स्प्लिटर’ हे काम करून देतो. सामायिक फोल्डरमध्ये प्रत्येकाला फाईल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी हवी, नाहीतर लॉक फाईल नीट चालत नाही.

ॲक्सेस फाईलची मर्यादा २ जीबी आहे. तिच्या जवळ पोहोचला असाल, किंवा एवढे करूनही बिघाड थांबत नसेल, तर तक्ते एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमध्ये हलवा. तो मोफत आहे, आणि फॉर्म ॲक्सेसमध्येच ठेवता येतात.