दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

विमानाच्या प्रवासाचा अंदाज बांधताना रस्त्याचे किलोमीटर बाजूला ठेवावेत. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीला दोन समान भागांत विभागणाऱ्या वर्तुळाच्या, कंसावर मोजले जाते आणि त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश पुरेसे असतात. येथे एक चूक हमखास होते. ४२ अंश ३० मिनिटे म्हणजे ४२.३० नव्हे, तर ४२.५ अंश, एवढ्याशा गफलतीने उत्तर-दक्षिण अंतरात २२ किलोमीटरचा फरक पडतो.

अंतर काही शे किलोमीटरच असेल, तर कागद आणि कोसाइनची सोय असलेला कॅल्क्युलेटर पुरतो. अक्षांशांतील फरकाला १११ ने गुणावे. रेखांशांतील फरकालाही १११ ने गुणावे, मात्र त्या गुणाकाराला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने पुन्हा गुणावे, कारण ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ येत जातात. समजा, पहिला विमानतळ ४० अंश उत्तर, १० अंश पूर्व येथे आहे आणि दुसरा ४२.५ अंश उत्तर, १४ अंश पूर्व येथे. पहिला गुणाकार २७७.५ येतो, दुसरा सुमारे ३३४. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की अंतर मिळते सुमारे ४३४ किलोमीटर. याला १.८५२ ने भागल्यास २३४ सागरी मैल होतात.

खरी गुंतागुंत वेळेची आहे. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते आणि धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा घेते, म्हणून ४३४ ऐवजी ४६५ किलोमीटर धरणे शहाणपणाचे. एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते. त्या वेगाने ५६ मिनिटे लागतील. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर हीच ६३ मिनिटे होतात, पाठीमागून असेल तर ५०. जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या छापलेल्या दिसतात, त्याचे एक कारण हेच. जेट विमानाचा वेग ताशी ८०० च्या घरात असला, तरी इतक्या जवळच्या प्रवासात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यात जात असल्याने कागदावरचा फायदा प्रत्यक्षात फारसा उरत नाही.

वेळापत्रकातील वेळ मोजला जातो तो विमान थांब्यावरून हलल्यापासून पोहोचल्यावर थांब्यावर उभे राहीपर्यंत. त्यामुळे चढणे-उतरणे आणि जमिनीवरची ये-जा यांसाठी २० ते २५ मिनिटे मिळवावीत; आपल्या उदाहरणात एकूण वेळ सुमारे सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे भरतो. छापलेला वेळ याहून दहा-पंधरा मिनिटांनी जास्त दिसला, तर आपले गणित चुकले असे समजू नये. विलंब पोटात घालण्यासाठी ती सवड मुद्दाम ठेवलेली असते. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते, म्हणून दोन्ही ठिकाणांच्या प्रमाणवेळा वेगळ्या असतील तर वजाबाकीपूर्वी त्या एका प्रमाणवेळेत आणून घ्याव्यात.