नवा घोडा अरेनाच्या गेटवर अडतो तेव्हा काय करायचं

तबेल्यातून निघताना स्वारी एकदम शहाणी, आणि अरेनाचं, म्हणजे घोडा शिकवायच्या बंदिस्त मैदानाचं, गेट दिसलं की चारही पाय रोवून उभी, मान वर, कान टवकारलेले, पुढे ओढलं की मागे सरकणार. तीन-चार वर्षांच्या घोड्यांमध्ये हे फार कॉमन आहे. लगेच कोणीतरी सांगतंच की नाटकं करतोय, दोन फटके दे. नका देऊ, गेटपाशी मार बसतो एवढंच त्याच्या डोक्यात फिट होतं आणि उद्या तो दहा पावलं आधीच थांबतो.

आधी दुखणं बघा. साधारण अडीच ते पाच वर्षांत दुधाचे दात पडून पक्के येत असतात, तोंड हुळहुळं असतं, त्यात बिट (लगामाची तोंडातली दांडी) टोचतं. अंगही भरत असतं त्यामुळे पूर्वी नीट बसणारं खोगीर आता खांद्यात रुतत असेल. तंग (खोगीराचा पोटाखालचा पट्टा) कसताना कान मागे टाकतो, चावायला येतो का? मग आधी व्हेट, दात, पाठ, पोटातला अल्सर सगळं तपासून घ्या, ट्रेनिंग नंतर.

अरेना छप्पर असलेली असेल तर अजून एक गोष्ट. उन्हातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्याला आत खरंच नीट दिसत नसतं, तर दारात थांबा, मान खाली घालून हुंगू दे, बघू दे.

आता मेन काम, जमिनीवरून, हॉल्टर (बिट नसलेला डोक्याचा पट्टा) आणि लांब दोर. हेल्मेट घाला, दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि त्याच्या बरोबर समोर उभं राहायचं नाही, खांद्याच्या बाजूला राहा. दोरावर हलका, एकसारखा ताण ठेवा, रस्सीखेच नको, ताकदीत तो कधीही भारीच पडणार. त्याने एक पाय उचलला, अगदी वजन जरी पुढे टाकलं, की त्याच सेकंदाला दोर सैल. घोडा शिकतो तो या सैल सोडण्यातून, ताणातून नाही, तुम्ही उशीर केलात तर तोवर तो मागे सरकलेला असतो आणि बक्षीस मागे सरकण्याला मिळतं. मागे गेला तर तेवढाच ताण ठेवून सोबत जा, झटके देऊ नका. दोन पावलं नीट आला की तो अडायच्या आधी तुम्हीच त्याला वळवून लांब न्या, मग परत या. मागच्या पायांवर उभा राहायला लागला तर मात्र दोर सैल करून बाजूला व्हा आणि अनुभवी ट्रेनर बोलवा, एकट्याने हट्ट नको.

आत गेला की लगेच कामाला जुंपू नका. उभं राहू दे, मान खाजवा, थोडं गवत द्या आणि बाहेर आणा. काही दिवस एवढंच. नंतरही काम १५-२० मिनिटं पुरे, आणि उतरायचं ते गेटपाशी नाही, लांबच्या कोपऱ्यात. उलट थोडी मेहनत बाहेर करून घ्या आणि आराम आत द्या, गणित आपोआप फिरतं. शांत जुना घोडा सोबत घेतला तरी चालतो, पण हळूहळू त्याची सोबत कमी करा, नाहीतर त्याच्याशिवाय हा हलणारच नाही.

पाठीवर असताना अडला तर उतरून चालवत आत न्या. उतरलात की तो जिंकला असं म्हणतात, मला नाही पटत, आत तर गेला ना, आत गेल्यावर परत बसा.