स्टुडिओ फ्लॅशने कोल्हापुरी चपलेचे छायाचित्र कसे घ्यावे

शहापुरातील आमच्या माडीवरच्या खोलीत अथणीला बनलेल्या कोल्हापुरी चपलांची छायाचित्रे घेऊ लागलो, तेव्हा पहिल्याच खेपेतले तीन जोड परत आले. माल चोख होता. पण छायाचित्रात हिरवट तपकिरी दिसलेली चप्पल गिऱ्हाइकाच्या हाती पडली ती तांबूस. खोलीतली ट्यूबलाइट चालू होती, शटर १/३० सेकंद उघडे राहत होते आणि दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश एकाच चित्रात मिसळत होते.

फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या इतक्या लहान अंशात संपतो की शटर किती वेळ उघडे ठेवले याचा त्यावर परिणाम होत नाही. शटरने कमीजास्त होतो तो फक्त खोलीतला प्रकाश. फ्लॅशचा प्रकाश आवरायचा तो अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता), फ्लॅशची पॉवर आणि त्याचे अंतर यांनी. म्हणून कॅमेरा मॅन्युअल मोडवर घेऊन आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि शटर १/१२५ ठेवावे, फ्लॅश बंद ठेवून एक चित्र काढावे आणि ते पूर्ण काळे येते का पाहावे. काळे आले नाही, तर खिडकीला जाड पडदा लावावा व दिवे मालवावेत. हे काळे चित्र हाती आल्याखेरीज ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारे यंत्र, चालू करण्यात अर्थ नाही. शटर याहून फार वेगवान करण्याचा मोहही टाळावा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा (फ्लॅशशी जुळणारा सर्वांत वेगवान शटर) १/१६० ते १/२५० च्या आसपास असते आणि ती ओलांडली की चित्राच्या एका कडेला काळा पट्टा उमटतो. मिररलेस कॅमेऱ्याचा पडदा या सेटिंगवर काळाठिक्कर दिसत असेल, तर एक्स्पोजर प्रिव्ह्यू (सेटिंगप्रमाणे उजेड पडद्यावर आधीच दाखवणारी सोय) बंद करावा. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार रंग जुळवणारे सेटिंग) ऑटोवर न ठेवता ५५०० केल्विनच्या आसपास ठेवावा किंवा ग्रे कार्डावरून (ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावरून) ठरवावा. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या निळ्या भिंतींवरून परतणारा प्रकाशही चामड्यावर निळी झाक आणतो; माझ्या खोलीत तशा भिंतीसमोर मी पांढरी चादर टांगतो.

आता मांडणी. टेबलावर फिकट करड्या रंगाचा मोठा कागद मागे भिंतीपर्यंत घडी न पाडता वळवून घ्यावा आणि चप्पल किंचित तिरकी ठेवावी. कॅमेरा ट्रायपॉडवर असावा आणि लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने ८५ ते १०० मिलिमीटरची असावी. वाइड लेन्सने जवळून चित्र घेतले, तर अंगठ्याकडचा भाग होडीसारखा पुढे येतो. मुख्य फ्लॅशला सुमारे ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवून मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) लावून तो चपलेच्या डाव्या-मागच्या बाजूला ठेवावा. बहुतेक जण तो कॅमेऱ्याच्या शेजारी, समोर लावतात, आणि मग हाताने विणलेली वेणी पुठ्ठ्यावर छापल्यासारखी सपाट दिसते. प्रकाश मागून, चामड्याला घासून गेला, की वेणीचा प्रत्येक पीळ आणि शिवणीचा टाका उठून दिसतो.

सॉफ्टबॉक्स जितका जवळ, तितकी सावलीची कड मऊ होते. मात्र अंतर ६० सेंटिमीटरवरून १२० केले, तर प्रकाश निम्मा नव्हे, चौथा हिस्साच उरतो, आणि तेवढाच उजेड हवा असल्यास पॉवर १/८ वरून १/२ वर न्यावी लागते. उरते ती समोरच्या बाजूची सावली. तिथे दुसरा फ्लॅश लावण्याची घाई करू नये. थर्माकोलचा पांढरा तुकडा पुरतो. पट्टा चपलेच्या कानाला (बाजूच्या चामड्याच्या पाखेला) जिथे मिळतो, त्याखाली एक अरुंद सावली पडते. थर्माकोल वीतभर अंतरावर असेल तर त्या सावलीतही शिवणीचा दोरा ओळखू येतो. तोच तुकडा दोन फूट मागे सरकवला, तर तिथे नुसता काळा डाग दिसतो. हा फरक चित्र काढण्याआधीच मॉडेलिंग लॅम्पच्या (फ्लॅशमधल्या सतत पेटत राहणाऱ्या दिव्याच्या) उजेडात पाहून घ्यावा, आणि चित्र काढण्यापूर्वी तो लॅम्प बंद करावा.

तांब्या-पितळेच्या भांड्याला ही रीत चालत नाही. घासलेला तांब्या म्हणजे बाकदार आरसाच. त्यात सॉफ्टबॉक्स, खिडकी आणि छायाचित्रकारही दिसतो. तिथे भांडे आणि फ्लॅश यांच्यामध्ये बटर पेपरचा मोठा पडदा ताणावा, आणि भांड्याची कड पार्श्वभूमीत विरघळत असेल तर दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कराव्यात.

विजेबाबत सावध असावे. वीज गेल्यावर फ्लॅश घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवू नये. फ्लॅश बिघडला तरी त्याचे खोके घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

पहिले खरे चित्र आल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, पाहावा. त्याची उजवीकडची कड कापली जात असेल, म्हणजे उजळ भाग पांढरे फटक पडत असतील, तर कॅमेऱ्याला हात न लावता फ्लॅशची पॉवर एक पायरी खाली आणावी. सगळे जमले की स्टँडचे तिन्ही पाय, ट्रायपॉड आणि चपलेची टाच यांच्या जागा चिकटपट्टीने आखून ठेवाव्यात, आणि पॉवर व अंतराचे आकडे वहीत लिहावेत. म्हणजे पुढच्या आठवड्यात येणाऱ्या जोडाचा रंग याच जोडाशी जुळेल.